बाई बाई, त्यांच्याकडेही क्लस्टर!

ऐकलंत का? पेठेतल्या त्या वधूवर सूचक मंडळाने म्हणे सर्चसाठी क्लस्टर टाकला! कुठलं मंडळ ते विचारू नका. उगाच नाव घेतलं आणि उद्या आमच्या भाचीचं स्थळ अडकलं तर निस्तरणार कोण? पण बातमी पक्की आहे. तीन नोड (म्हणजे एकमेकांना जोडलेली यंत्रं), पाच शार्ड (म्हणजे सूचीचे तुकडे), प्रत्येक शार्डची एकेक रेप्लिका (म्हणजे प्रत), वर डॅशबोर्ड, आणि तो डॅशबोर्ड बघत बसायला पगारी मुलगा. आणि स्थळं किती? जेमतेम सहा हजार. त्यातली निम्मी केव्हाच लग्न होऊन संसाराला लागलेली, नोंद काढायची तेवढी राहिलेली.

सहा हजार नोंदी म्हणजे किती हो? फोटो सोडले तर स्वस्तातल्या मोबाइलमध्ये मावतील, आणि मोबाइल कोमटसुद्धा होणार नाही. पण नाही! 'डिस्ट्रिब्युटेड सर्च'च हवा. हिंजवडीच्या कँटीनमध्ये जा, ऐरोलीच्या टेक पार्कबाहेर कटिंग मारायला थांबा, सगळीकडे हाच विषय. पूर्वी दोन इंजिनिअर भेटले की आडून आडून पॅकेज विचारायचे. आता थेट विचारतात, "तुमचे शार्ड किती?" आणि समोरच्याने "एकच" म्हटलं की असा काही चेहरा करतात, जणू बिचाऱ्याच्या घरात अजून वीज आलेली नाही.

आता खरं सांगायचं तर या खुळाचं मूळ भल्या घरचं आहे. १५ डिसेंबर १९९५ ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीने अल्टाव्हिस्टा नावाचं सर्च इंजिन लोकांसाठी उघडलं. कंपनीचा धंदा अल्फा नावाची दणकट आणि महागडी यंत्रं विकण्याचा. आमचं यंत्र अख्खं वेब पोटात घालतं बघा, असं मिरवायला सर्च इंजिन काढलेलं. त्याच सुमारास बर्कलीत एरिक ब्रुअर आणि त्यांचा विद्यार्थी पॉल गॉथिअर यांच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. एकच धूड कशाला, साधी वर्कस्टेशनं नेटवर्कने जोडू आणि काम वाटून देऊ. त्यातून १९९६ मध्ये इंक्टोमी ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या जिवावर हॉटबॉट हे सर्च इंजिन.

मग आली स्टॅनफर्डची दोन पोरं, पेज आणि ब्रिन. त्यांनी तर लाजच सोडली. १९९९ मधले गूगलचे सर्व्हर बघा. उघडे मदरबोर्ड, वर झाकण नाही, डबा नाही, एका ट्रेवर चार-चार मांडलेले, आणि शॉर्ट होऊ नये म्हणून खाली बुचाचा थर. हे खरं वाटत नसेल तर कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये तसा एक रॅक ठेवलाय, जाऊन बघा. त्यांचं म्हणणं असं, की यंत्र महाग घेतलं तरी मरणार आणि स्वस्त घेतलं तरी मरणार, मग स्वस्तच घेऊ. मेलं की त्याचं काम शेजारच्याने उचलायचं, हे सॉफ्टवेअरने बघावं. २००३ मध्ये गूगलच्याच बारोझो, डीन आणि हॉल्झले या तिघांनी हा सगळा संसार लिहूनच काढला. तेव्हा त्यांच्याकडे १५,००० हून अधिक साधे पीसी होते. सरासरी एका प्रश्नाचं उत्तर काढायला शेकडो मेगाबाइट वाचावे लागत, प्रोसेसरची अब्जावधी चक्रं खर्च होत. सेकंदाला असे हजारो प्रश्न. त्यांनी वाटून नाही घ्यायचं तर कुणी घ्यायचं?

वाटून घेतात ते कसं, तेही ऐकून ठेवा, नाहीतर नुसतीच चर्चा व्हायची. सर्चच्या पोटात एक सूची असते. प्रत्येक शब्दापुढे तो कुठकुठल्या पानांवर आहे त्याची यादी. ही सूची एका यंत्रात मावेना की तिचे तुकडे करायचे, तेच शार्ड. तुकडे करायच्या दोन तऱ्हा. एक, शब्दांप्रमाणे: 'अ' पासूनचे शब्द या यंत्राकडे, 'क' पासूनचे त्या यंत्राकडे. ऐकायला सुटसुटीत, पण ज्याच्या वाट्याला 'लग्न' आणि 'लोन' आले ते यंत्र घामाघूम आणि 'ळ' वालं माशा मारत बसलेलं. शिवाय दोन शब्द एकत्र शोधायचे तर लांबच लांब याद्या या यंत्राकडून त्या यंत्राकडे धाडायच्या. दुसरी तऱ्हा पानांप्रमाणे: प्रत्येक यंत्राने आपल्या वाट्याच्या पानांची पूर्ण सूची स्वतः बाळगायची, प्रश्न सगळ्यांना विचारायचा, प्रत्येकाने आपले पहिले दहा द्यायचे, आणि वरच्याने त्यातून अंतिम दहा निवडायचे. गूगलने हीच धरली, आणि आजचं बहुतेक गणगोत हीच धरतं.

पण सगळ्यांना विचारायचं म्हणजे सगळ्यांची वाट बघायची! इथे खरी मेख आहे. पंगतीत शेवटच्या आजोबांचं ताक-भात संपेपर्यंत कुणी उठायचं नसतं ना, तसंच. डीन आणि बारोझो यांनी २०१३ मध्ये याचा हिशोबच मांडला. समजा एक यंत्र शंभरातल्या एखाद्या वेळीच एक सेकंदाहून जास्त रेंगाळतं. एकट्याला विचारलं तर काही बिघडत नाही. पण प्रश्न अशा शंभर यंत्रांना एकदम विचारायचा असेल, तर १०० पैकी ६३ वेळा कुणीतरी एक रेंगाळलेला निघतोच, आणि उत्तर सेकंदाच्या वर जातं. त्यावरचा त्यांचा उपाय मोठा चावट आहे. थोडं थांबायचं, उत्तर नाही आलं तर तोच प्रश्न गुपचूप दुसऱ्या प्रतीला विचारायचा, आणि जो आधी बोलेल त्याचं घ्यायचं. म्हणजे बघा, वाटून घेणं ही हौसेची गोष्टच नव्हे. ते दुखणं आहे, आणि ज्याला पर्याय नाही त्याने ते अंगावर घ्यायचं.

मग हे दुखणं आपल्या गल्लीपर्यंत आलं कसं? ही घरगुती भानगड आहे हो! अगदी बायको-मुलांसकट.

डग कटिंग नावाचे गृहस्थ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी जावामध्ये एक सर्च लायब्ररी लिहिली आणि तिला नाव दिलं ल्यूसीन. ते बायकोचं मधलं नाव, तिच्या आजीवरून आलेलं. पुढे अख्खं वेब शोधायचा मनसुबा धरून माइक कॅफरेलाबरोबर दुसरा प्रकल्प काढला, नच. तो शब्द त्यांचं बाळ जेवणाला वापरायचं. मग गूगलच्या दोन गाजलेल्या शोधनिबंधांवरून (२००३ ची फाइल सिस्टिम, २००४ चं मॅपरिड्यूस) नचच्या आतला वाटणीचा भाग वेगळा काढला आणि २००६ मध्ये त्याचं नाव ठेवलं हडूप, म्हणजे मुलाचा पिवळा खेळण्यातला हत्ती. त्या हत्तीच्या नावावर आपल्याकडच्या किती पोरांनी कोर्सच्या फिया भरल्या आणि किती जणांच्या रिझ्युमेवर तो हत्ती अजून झुलतोय, ते विचारू नका.

आणि दुसरे गृहस्थ शाय बॅनन. यांची बायको स्वयंपाकाचं शिक्षण घ्यायला लंडनला गेली. तिच्या पाककृती शोधायला काहीतरी करून द्यावं म्हणून हे ल्यूसीनशी खेळायला लागले. आधी कंपास नावाचं काहीतरी लिहिलं, मग ते सगळं मोडून वाटणीवाल्या पद्धतीने नव्याने लिहिलं, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये इलास्टिकसर्च जगापुढे आलं. २०१२ मध्ये कंपनी झाली, ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली, पहिल्याच दिवशी भाव जवळजवळ दुप्पट. आणि पाककृतींचं ॲप? ते काही झालंच नाही म्हणतात. आहे की नाही गंमत! नवरा डबाभर पाककृतींसाठी निघाला आणि जगभरच्या सर्व्हर-रूम भरून आला.

हे इलास्टिकसर्च सुरू करायला इतकं सोपं, की इथेच घात झाला. डाउनलोड करा, चालू करा, संपलं. आणि चालू करताच ते न विचारता तुमच्या सूचीचे पाच तुकडे करायचं! सहा हजार नोंदी असोत की साठ कोटी, पाच म्हणजे पाच. एप्रिल २०१९ च्या सातव्या आवृत्तीत कंपनीने हा आकडा मुकाट्याने एकवर आणला. म्हणजे आधीची नऊ वर्षं गावोगावी जे पाच-पाच शार्ड फुटले, त्यातल्या बहुतेकांच्या मालकांनी ते मागितलेलेच नव्हते. नाव इलास्टिक, म्हणजे वाटेल तसं ताणेल असं वाटावं. पण शार्डचा आकडा एकदा ठरला की ठरला. नोंद कुठल्या शार्डात जायची ते तिच्या ओळखक्रमांकावरून काढलेल्या आकड्याला शार्डच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीवर ठरतं. पाचाचे सहा केले की बाकी बदलली, आणि बहुतेक नोंदींचं घर बदललं. पुढे ठरावीक पटीत फोडायची आणि जोडायची सोय आली खरी, पण मनमोकळं वाढवायचं तर अजूनही सगळं नव्याने इंडेक्स करा, म्हणजे सूची पुन्हा पहिल्यापासून बनवा. म्हणून मग शहाणी माणसं काय करतात? "पुढे लागतील" म्हणून आधीच पन्नास करून ठेवतात! पोरगं पाळण्यात आणि कार्यालय बुक.

तर आता आपल्या मंडळाकडे वळू, कारण तिथे जे झालं ते फारच खमंग आहे.

एका मुलीच्या आईने सर्चमध्ये 'सतारवादक' टाकलं. घरात संगीत, जावई तसाच हवा. पहिल्या नंबरवर आला एक मुलगा, ज्याच्या माहितीत कुठेतरी कोपऱ्यात 'काका सतारवादक' एवढंच होतं. खरोखर सतार वाजवणारा दुसऱ्या पानावर. बाई भडकल्या. हा मुलगा मंडळाच्या कुणाचा नातेवाईक आहे का, असं तोंडावर विचारलं. नातंबितं काही नव्हतं हो. सर्च इंजिन दुर्मिळ शब्दाला जास्त वजन देतं. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही कल्पना, आजही तिच्यावरच कारभार चालतो. पण शब्द दुर्मिळ आहे की नाही, हे प्रत्येक शार्ड आपापल्या घरापुरतं ठरवतो. सहा हजारांचे पाच तुकडे म्हणजे दर तुकड्यात बाराशे. एका तुकड्यात सहा सतारवादक निघाले, तिथे शब्द स्वस्त झाला. दुसऱ्यात एकटे ते काका, तिथे शब्द सोन्याच्या भावात. काकांचा पुतण्या वर! कोट्यवधी पानं असली की सगळ्या तुकड्यांत शब्द सारखेच पसरतात आणि ही गोम झाकली जाते. सहा हजारांत ती उघडी पडते. आधी सगळ्या शार्डांकडून मोजणी गोळा करून मग गुण द्यायची सोय आहे, पण त्यासाठी एक जादा फेरी पडते. आणि जादा फेरी मारून पाच तुकडे पुन्हा एकासारखे वागवायचे, तर तुकडे केले कशाला?

पुढचं तर याहून गमतीचं. त्याच आईने पान रिफ्रेश केलं, तर पहिला मुलगा तिसरा! पुन्हा रिफ्रेश, पुन्हा पहिला. आता मात्र त्यांना खात्रीच पटली की आत कुणीतरी बसून नंबर फिरवतंय. फिरवत होती रेप्लिका. मूळ शार्ड आणि त्याची प्रत यांत नोंदी त्याच असतात, पण काढून टाकलेल्या नोंदींचा कचरा दोघांकडे सारखा साफ झालेला नसतो. त्यामुळे दोघांची मोजणी किंचित वेगळी, गुण किंचित वेगळे. प्रश्न कधी याच्याकडे जातो, कधी तिच्याकडे. एका माणसाचे प्रश्न नेहमी एकाच प्रतीकडे पाठवले की हे थांबतं. एका ओळीची सेटिंग आहे. पण ती वाचायला मॅन्युअल उघडावं लागतं, आणि तो पगारी मुलगा तर डॅशबोर्ड बघत होता.

डॅशबोर्डवर काय? दिवा. हिरवा, पिवळा, तांबडा. कित्येक ठिकाणी हा दिवा जन्मापासून पिवळाच असतो. रेप्लिका मागितलेली असते, यंत्र एकच असतं, आणि मूळ आणि प्रत एकाच यंत्रावर ठेवायची नाही असा नियम. बिचारी प्रत जागा शोधत ताटकळते. "पिवळा काय, नॉर्मलच असतो," असं सांगून लोकांनी वर्षं काढली आहेत. आणि डिस्क ९५ टक्के भरली की सूची लिहायला बंद होते. मग नव्या स्थळाची नोंद होईना म्हणून फोन सुरू. डिस्क भरलेली कशाने? क्लस्टरच्या स्वतःच्या लॉगने!

शेवटच्या पानावर जाऊ नका हं, तिथे तर उधळपट्टी आहे. पानावर दहा नोंदी असतील आणि तुम्ही हजारावं पान मागितलंत, तर पाचही शार्डांनी आपापल्या पहिल्या दहा हजार नोंदी क्रमाने लावून पाठवायच्या. पन्नास हजार जमल्या, त्यातल्या दहा दाखवल्या, बाकी फेकल्या. म्हणून तर दहा हजारांच्या पुढे जायला मुळातच बंदी घातलेली आहे. मंडळाकडे तेवढ्या नोंदीच नाहीत, ही एक बरी गोष्ट.

आणि दारं! दारं उघडी टाकायचे हो हे लोक! मे २०१९ पर्यंत फुकटच्या आवृत्तीत पासवर्डची सोयच नव्हती, त्याला पैसे पडायचे. पैसे वाचवायचे आणि क्लस्टर सरळ इंटरनेटवर ठेवून द्यायचा. ज्याला पत्ता लागला त्याने आत यावं, वाचावं, पुसावं. जुलै २०२० मध्ये कुणीतरी खरंच आलं. असे हजारो उघडे डेटाबेस, इलास्टिकसर्चचे आणि मोंगोडीबीचे, पुसून टाकले आणि जागी निरर्थक अक्षरं ठेवून पुढे लिहिलं 'मेआव', म्हणजे म्याऊ! खंडणी नाही, धमकी नाही, पत्र नाही. नुसतं म्याऊ. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ च्या आठव्या आवृत्तीपासून कुलूप आपोआप लागायला लागलं. पण मांजर पुसून गेल्यावरसुद्धा कित्येकांना आठवडाभर पत्ता नव्हता, असं मी पैजेवर सांगते. सर्च कुणी वापरतच नव्हतं ना!

मालकांच्या भांडणाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. ॲमेझॉनने २०१५ पासून इलास्टिकसर्च आपल्या दुकानात भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये त्यांचं मुंबईचं केंद्र उघडलं आणि आपल्याकडेही क्लस्टर म्हणजे एक बटण झालं. इलास्टिकवाल्यांचा तिळपापड. आम्ही शिजवायचं, यांनी वाढायचं आणि पैसे यांनी घ्यायचे? २०१९ मध्ये नावाच्या हक्कावरून कोर्टात गेले. जानेवारी २०२१ मध्ये परवानाच बदलला, आणि बॅनन यांनी जाहीर लेखाच्या मथळ्यातच ॲमेझॉनचं नाव घेऊन सुनावलं. ॲमेझॉनने काय केलं? वेगळी चूल मांडली. एप्रिल २०२१ मध्ये बारसं, नाव ओपनसर्च. नावाचा दावा २०२२ मध्ये मिटला, ऑगस्ट २०२४ मध्ये इलास्टिकने पुन्हा मुक्त परवाना जोडला, आणि सप्टेंबरमध्ये ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनच्या ओटीत गेलं. या सगळ्या धुमाकुळात दोन्हीकडच्या पोटात तेच आहे बरं का, कटिंग यांच्या बायकोच्या नावाचं ल्यूसीन!

तुम्ही म्हणाल, हिला कुणाचंच कौतुक नाही. आहे हो. ज्याचं पोट खरंच मोठं आहे त्याने वाटून खावं. गिटहबचं बघा. जगभरचा प्रोग्रॅमचा मजकूर शोधायचा त्यांना. त्यांनी सांगितलंय की सुरुवातीला इलास्टिकसर्चमध्ये आठ दशलक्ष रिपॉझिटरी (म्हणजे प्रोग्रॅमचे गठ्ठे) इंडेक्स करायला महिने लागले. शेवटी त्यांनी रस्ट भाषेत स्वतःचं इंजिन लिहिलं, ब्लॅकबर्ड, आणि २०२३ मध्ये ते कसं चालतं ते उघड सांगितलं. तेव्हा त्यात ११५ टेराबाइट मजकूर होता. एकसारख्या फाइली पुन्हा पुन्हा इंडेक्स करायच्या नाहीत, मजकुराच्या हॅशवरूनच (मजकुरातूनच काढलेल्या ठशावरून) शार्ड ठरवायचा, म्हणजे तीच फाइल हजार ठिकाणी असली तरी एकदाच ठेवायची, असलं डोकं त्यांनी लढवलं. त्यांनी आधी आपला मजकूर नीट पाहिला आणि मग यंत्रं मांडली. आपल्याकडे आधी यंत्रं मांडतात, मजकूर कुणी बघतच नाही.

मजकूर बघितला असता तर काय दिसलं असतं, सांगू? मंडळाच्या सर्चमध्ये 'सातारा' टाकून बघा. साताऱ्याची मुलं शेकड्याने असताना मोजकी सापडतात. कारण नोंदीत कुणी 'सातारा' लिहितच नाही. 'साताऱ्यात स्वतःचं घर', 'मूळचे साताऱ्याचे', 'साताऱ्याला शेती' असं लिहितात. पुणे पुण्यात होतं, ठाणे ठाण्याला होतं, नाशिक नाशकात जातं. हिंदीत 'में' सुटा लिहितात, तो सहज बाजूला काढता येतो. आपला 'त' शब्दाला चिकटतो आणि चिकटण्याआधी शब्दाचं सामान्यरूप करून टाकतो. ल्यूसीनमध्ये हिंदीसाठी शब्द सोलायचा भाग आहे, लोक तोच मराठीला लावतात आणि देवनागरी झाली म्हणून हात झटकतात. नुसती शेपटी कापली तर 'साताऱ्या' उरतं, ते 'सातारा'शी जुळत नाहीच.

आणि त्या 'ऱ्या'ची वेगळीच भानगड! तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे खालचा टिंब असलेलं अक्षर, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या युनिकोडच्या लेखी, दोन वेगळे शब्द. वडिलांनी ऑफिसातल्या कीबोर्डवर भरलेला साताऱ्याचा मुलगा आणि आईने मोबाइलवर शोधलेला साताऱ्याचा मुलगा यांची जन्मात गाठ पडायची नाही. तीच गत 'ॲ'ची. कुणी एकच अक्षर टाकतं, कुणी अ वर चंद्र चढवतं. एकाला 'ॲडव्होकेट' हवा असतो आणि सगळे ॲडव्होकेट दुसऱ्या स्पेलिंगात बसलेले. पत्रिका जुळते, युनिकोड जुळत नाही!

यावर उपाय म्हणजे इंडेक्स करताना आणि शोधताना दोन्हीकडे अक्षरं एका रूपात आणायची, आणि सामान्यरूपांचा एक बरा तक्ता करायचा. मराठी सर्च मोजायला लागणारा बातम्यांचा संग्रहसुद्धा 'फायर' या भारतीय भाषांच्या सर्च-परिषदेने २००८ पासून तयार ठेवलाय. हे काम एका यंत्रावर, एका माणसाला, फार तर काही आठवड्यांचं. पण त्याचा डॅशबोर्ड होत नाही, दिवा हिरवा होत नाही, आणि मुलाखतीत "मी ऱ्य सरळ केला" म्हटलं तर पॅकेज वाढत नाही. "मी तीन नोडचा क्लस्टर सांभाळला" म्हटलं की वाढतं. खुळाचं खरं कारण हे आहे, बाकी सगळं निमित्त.

आता नवीन ऐका. क्लस्टर जुना झाला म्हणे, व्हेक्टर डेटाबेस हवा! शब्द जुळवायचे नाहीत, अर्थ जुळवायचा. प्रत्येक नोंदीचे आकडे करायचे, दीड हजारभर, आणि जवळचे आकडे शोधायचे. कल्पना चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण सहा हजार नोंदींचे १,५३६ आकडे म्हणजे चाळीस मेगाबाइटसुद्धा होत नाहीत. सगळ्यांशी एकेक करून तुलना केली तरी पापणी लवायच्या आत होईल. ल्यूसीनमध्ये ही सोय डिसेंबर २०२१ पासून आहे. तिथे आकड्यांची मर्यादा १,०२४ वरून वाढवायची की नाही यावर २०२३ मध्ये जी तूतूमैमै झाली ती वेगळीच. त्याच वर्षी वॉटर्लू विद्यापीठाच्या जिमी लिन आणि सहकाऱ्यांनी निबंध लिहून सांगितलं, की बाबांनो, बहुतेकांना ल्यूसीन पुरेल. मंडळाने तो वाचला असेल असं वाटत नाही. त्यांनी कोटेशन मागवलंय, आणि त्यात चार नोड आहेत असं ऐकते.

तेव्हा क्लस्टरवाल्या मंडळींना एकच विनंती. पुढचा नोड घेण्याआधी आपल्याच साइटवर 'सातारा' शोधा आणि 'साताऱ्याचा' लिहिलेली नोंद येते का ते बघा. मग 'साताऱ्याचा' दोन्ही तऱ्हांनी टाइप करून बघा. नाही आली, तर नोडचे पैसे बाजूला ठेवा आणि मराठी व्याकरण येणाऱ्या एखाद्या माणसाला महिनाभर कामावर घ्या. नोडपेक्षा स्वस्तात पडेल.